शोभाची गोष्ट मी तिच्या सासूला सांगितली

नर्सची नोकरी मी एकतीस वर्षं केली आणि ती मला कळत होती. निवृत्तीनंतर गेली तीन वर्षं जे काम करते आहे ते मला अजून नीट कळलेलं नाही. दिवाळी अंकासाठी लिहून द्या असा निरोप आला तेव्हा वाटलं, लिहिता लिहिता कळेल. आता लिहून झालंय, तरी खात्रीनं काही सांगता येत नाही.

काम तसं सांगायला सोपं आहे. रिसोडपासून जीपनं वीस-पंचवीस मिनिटांवर आमचं गाव. एका संस्थेनं जुन्या आरोग्य उपकेंद्राची रिकामी पडलेली खोली घेतली, चुना मारला, दोन खुर्च्या, एक टेबल आणि एक टॅब ठेवला. त्या टॅबवर पुण्याच्या एक मॅडम दिसतात. ज्याच्या मनाला काही दुखतंखुपतंय त्यानं आठवड्यातून एकदा यायचं आणि त्यांच्याशी पाऊण तास बोलायचं. मोठ्या आजाराच्या माणसाला आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांकडे पाठवतो. इथं येतात ते झोप उडालेले, कशात जीव न लागणारे, उगाच धडधड होणारे, घरात कोणाशी बोलणं तुटलेले. म्हणजे खरं तर कोणीही. गोळी नाही, सुई नाही. ह्याला समुपदेशन म्हणतात हे मी पहिल्या आठवड्यात घरोघरी सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात गावानं त्याचं नाव ‘टीव्हीतली बाई’ असं ठेवलं.

माझ्याकडे वेळ ठरवणं, टॅब खिडकीशी लावणं (नेट तिथंच येतं), माणसाला बसवणं, एक कागद भरून घेणं, आणि दोघांची भाषा अडली तर ती सोडवून देणं. एवढं झालं की बाहेर जाऊन दार ओढून घ्यायचं.

कागदापासूनच माझी गडबड सुरू झाली. त्यात विचारलेलं असतं, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं. कधीच नाही, काही दिवस, बरेच दिवस, जवळजवळ रोज, यांतल्या एकावर खूण करायची. एका बाईनं मला उत्तर दिलं, “उदास व्हायले टाइम कोठी हाय?” मी ‘कधीच नाही’वर खूण केली. मॅडम म्हणाल्या की हे ‘कधीच नाही’ नव्हे. मग काय लिहू, असं मी विचारलं. त्यांनी बराच विचार केला आणि ती ओळ कोरी ठेवायला सांगितलं. माझ्या नोकरीत रजिस्टरची एक ओळ कोरी राहिली तर वरून विचारणा व्हायची.

मॅडमचं नाव ऋजुता. वयानं माझ्या लेकीएवढ्या. बोलणं मऊ, घाई अजिबात नाही. पण आमची बोली त्यांना नवी होती. आमच्याकडे बाया ‘मी जातो’, ‘मी येतो’ असंच म्हणतात, तर पहिल्या दिवशी त्यांना वाटलं की मागून कोणी पुरुष बोलतोय. एक बाई म्हणाली, “मी तं कदरून गेली.” मॅडमनी ऐकलं की हिला कोणीतरी कदर केलेली आठवते आहे, आणि छान वाटलं का असं विचारलं. कदरून जाणं म्हणजे वैतागून, थकून, नको नको होणं. मी मध्ये पडून सांगितलं तेव्हा त्यांनी तो शब्द वहीत लिहून घेतला. अशा वेळी मला माझी किंमत कळायची. मी नसते तर ही गाडी पहिल्याच वळणावर अडली असती, असं वाटायचं.

किसनरावांच्या बाबतीत मात्र माझा काहीच उपयोग झाला नाही. हे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. घरात कोणाशी बोलत नाहीत म्हणून सुनेनं आणून बसवले. पहिल्या दिवशी ते मॅडमना म्हणाले की मला काही झालेलं नाही. मॅडम म्हणाल्या, मग तुम्ही गाडी कुठून कुठे न्यायचात ते सांगा. किसनरावांनी रिसोडहून सुरुवात केली. थांब्यामागून थांबा, कुठे वळण, कुठे कोण चढायचं, मालेगाव, पुढे जऊळक्याच्या स्टेशनापर्यंत. दार लोटलेलं होतं तरी मला ऐकू येत होतं, त्यांचा आवाजच तसा. पुढच्या आठवड्यात परतीची फेरी सांगितली. तिसऱ्या आठवड्यात दुसरा रूट. मला वाटलं, मॅडमचा वेळ फुकट चालला आहे. चौथ्या आठवड्यात ते आलेच नाहीत. रस्त्यात भेटले तेव्हा विचारलं, तर म्हणाले, “झालं माहं काम.” सून सांगते, आता जेवताना बोलतात. काय झालं, कशानं झालं, मी मॅडमना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या की ते त्यांचं आहे, मला सांगता येणार नाही. मला जरा रागच आला. बाळंतपण झालं की पोर दिसतं, ताप उतरला की पारा दिसतो. इथं माणूस बरा होऊन जातो आणि कशानं झाला हे कोणी सांगत नाही.

आता शोभाचं सांगते. नावं बदलली आहेत, गावाचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. लिहिण्याआधी शोभाला विचारलं, लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं आणि तिच्या सासूलाही. दोघींनी हो म्हटलं म्हणून हे छापायला देते आहे. ती विकते ती भाजीसुद्धा मी बदलली होती, पण शोभा म्हणाली की भाजी कायले बदलली, म्हणून वांगी आणि मेथी परत टाकली.

शोभाच्या घरचं वावर गावालगत आहे, विहिरीला पाणी बरं, म्हणून भाजीपाला लावतात आणि रिसोडच्या बाजारात नेऊन विकतात. पंचवीस वर्षं तिची सासू अन्साबाई विकायला बसायची. अन्साबाई माझी मैत्रीण. मी या गावात बदलून आले तेव्हा पहिली चहाची कपबशी तिनं हातात दिली. तिचा आवाज असा की बाजाराच्या फाटकापाशी उभं राहिलं तरी मेथी कुठं आहे ते कळावं. मागच्या वर्षी तिचे गुडघे धरले, आणि ती जागा शोभाकडे आली.

दोन-तीन महिन्यांत शोभाला बाजारात जाववेना. जीप बाजाराजवळ आली की छातीत धडधड, हातांना घाम, घसा बंद. एकदा टोपली तशीच घेऊन ती परत आली. रक्त तपासलं, हृदयाची पट्टी काढली, थायरॉइड पाहिलं, सगळं ठीक. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं पोहरादेवीला जाऊन या, ती तिथंही जाऊन आली. शेवटी गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईनं तिला माझ्याकडे पाठवलं.

शोभा एकटी बोलायला तयार नव्हती. बाई थांबल्या तरच बसतो, म्हणाली. मॅडमनी तिची परवानगी घेतली, मग मला विचारलं, आणि पहिल्या तीन वेळा मी आत राहिले. आतलं आतच राहायला हवं, हे मॅडमनी मला तिच्या देखत सांगितलं. मी मान हलवली. एकतीस वर्षं नर्स होते, मला कोण काय शिकवणार, असं मनात होतंच.

मॅडमनी तिला सांगितलेला उपाय ऐकून मी चक्रावले. ज्याचं भेव वाटतं त्याच्या पायऱ्या करायच्या. पहिल्यांदा टोपली न घेता नुसतं जीपनं जायचं. मग फाटकापाशी उभं राहायचं. मग आत एखाद्या ओळखीच्या बाईजवळ बसायचं. मग मेथीची एकच जुडी विकायची. आणि प्रत्येक पायरीवर धडधड सुरू झाली की पळायचं नाही, ती आपोआप उतरेपर्यंत तिथंच थांबायचं. मला हे अघोरी वाटलं. घाबरलेल्या माणसाला आपण बाजूला नेतो, पाणी देतो. मॅडम तर म्हणत होत्या, तिथंच बस.

पहिल्यांदा मी सोबत गेले. बाजाराच्या फाटकाशी आम्ही दोघी एका बंद टपरीच्या कट्ट्यावर बसलो. शोभाच्या ओठांवर घाम. मी सवयीनं तिचा हात धरला आणि घड्याळ बघत नाडी मोजली, एकशे चोवीस. पाच मिनिटांनी एकशे तीस. मी म्हटलं, चल परत. ती म्हणाली, मॅडमनं थांबाले सांगतलं. आम्ही थांबलो. बावीस-तेवीस मिनिटांनी नाडी अठ्ठ्याऐंशी झाली. मी तिला काही दिलं नव्हतं. आम्ही काही बोललोसुद्धा नव्हतो. मी तीनदा मोजली, कारण माझा विश्वास बसेना.

तिसऱ्या वेळी खोलीत शोभा मोकळी झाली. बाजारात जो तो विचारतो, अन्साबाई कुठं गेली. तिच्यासारखी मेथी निवडलेली नाही, तिच्यासारखं बोलणं नाही. संध्याकाळी घरी आलं की सासू विचारते कोण आलं, कोण नाही आलं, त्या अमक्या बाईशी काय बोलली. सासू वाईट नाही, हे तिनं दोनदा सांगितलं. मग टॅबकडे न बघता ती म्हणाली, “मले सासूचं भेव नाही लागत. मी तिच्यासारखी होऊन जाईन, याचं भेव लागते.”

माझं डोकं चालू झालं. मला वाटलं, इलाज सापडला.

इथं माझी जुनी नोकरी समजून घ्यावी लागेल. खेड्यात सुनेच्या अंगात रक्त कमी असेल तर सुनेला सांगून भागत नाही. सासूला सांगावं लागतं. तिच्या ओसरीवर बसून, चहा घेऊन, तिचा मान ठेवून, की हिला आता जड उचलू देऊ नका, लोखंडाच्या गोळ्या चुकवू देऊ नका. सासू वळली की घर वळतं. माझ्या उपकेंद्रात बायांची तब्येत सुधारली ती अशीच, आणि त्याबद्दल मला शाबासकीही मिळाली होती. तर मी त्याच दिवशी दुपारी अन्साबाईच्या ओसरीवर जाऊन बसले.

शोभाचं ते शेवटचं वाक्य मी सांगितलं नाही, एवढं शहाणपण होतं. बाकी सगळं सांगितलं. सून तुझ्या जागेवर बसायला घाबरते, लोक तुझ्याशी तिची तुलना करतात, संध्याकाळी तिला फार विचारत नको जाऊ. अन्साबाईनं ऐकून घेतलं. दाराची कडी धरून ती बसल्या जागेवरून उठली आणि म्हणाली की बरं केलं सांगितलंस. मी समाधानानं घरी आले. माझ्या हिशेबी काम फत्ते झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अन्साबाई त्या दुखऱ्या गुडघ्यांनी स्वतः टोपली घेऊन जीपमध्ये बसली. मुलाला सांगून गेली की शोभाची तब्येत बरी नाही, तिला बाजारात पाठवू नका. त्या दिवसापासून शोभाला कोणी बाजाराचं नावही घेऊ देईना. दीर अदबीनं बोलायला लागला, जाऊ हातातलं काम घ्यायला लागली. शोभा आजारी ठरली. आणि अन्साबाईनं संध्याकाळचं विचारणं बंद केलं ते असं की सुनेशी बोलणंच बंद केलं.

शोभा पुढच्या आठवड्यात खोलीवर आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी वावरात गेले. ती वांगी तोडत होती. मला पाहून तिनं काम थांबवलं नाही. मी म्हटलं, येत का नाहीस. तिनं टोपली बाजूला ठेवली.

“बाई, मी त्या खोलीत बोलली. घरी बोलाचं राह्यलं असतं तं घरीच बोलली असती ना.”

मी म्हटलं, मी चांगल्यासाठीच केलं.

“मले माहीत हाय,” ती म्हणाली. “म्हणून तं तुमच्याशी भांडता बी येत नाही.”

तिनं टोपली उचलली आणि पुढच्या सरीत गेली. मी बांधावर बराच वेळ उभी राहिले. एकतीस वर्षांत मला बायांनी शिव्या दिल्या आहेत, दार लावून घेतलं आहे, पण असं कोणी म्हटलं नव्हतं.

दोन दिवस मी मॅडमना काही सांगितलं नाही. नेट नाही म्हणून टॅबही लावला नाही. नेट होतं. तिसऱ्या दिवशी लावला आणि सगळं सांगितलं, अन्साबाईच्या ओसरीपासून वांग्याच्या सरीपर्यंत. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मी शेवटी विचारलं की माझं चुकलं का.

“हो,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं होतं, त्या म्हणतील तसं नाही विमलताई, तुमचा हेतू चांगला होता. तो त्यांनी मान्य केलाच, पण ‘हो’ मागे घेतला नाही. मी वाद घातला. सासूला न सांगता मी एका तरी सुनेला गोळ्या खाऊ घालू शकले असते का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, तेव्हा तुम्ही बरोबरच असाल, पण इथं शोभाला न विचारता नाही. मी म्हटलं, गाव तेच, बाया त्याच, मीही तीच. मग तेव्हाचं बरोबर इथं चूक कसं होतं. त्यांनी समजावून सांगितलं. शब्द सगळे कळले. पण तेव्हाच्या बायांना तरी मी कधी विचारलं होतं, हा प्रश्न मनात आला आणि मग काहीच कळेनासं झालं. माझ्या शाबासकीत किती जणींचं असं बोलणं घरी पोहोचलं असेल, याचा मी आजही अंदाज करू शकत नाही.

संस्थेला कळवावं लागलं. मला काढतील असं वाटलं होतं, काढलं नाही. पुन्हा शिकायला बसवलं, आणि शोभाच्या बाबतीतून पूर्ण दूर ठेवलं. मॅडमनी निरोप पाठवून तिची माफी मागितली आणि पुढं यायचं की नाही हे तिच्यावर सोडलं. शोभानं महिनाभरानं हो म्हटलं, पण खोलीत नाही. विहिरीजवळ मोटारीची खोली आहे, तिथून ती स्वतःच्या फोनवर बोलायची. मला दुरून दिसायचं, दुपारी दार लोटलेलं आणि बाहेर तिच्या चपला. आत काय चाललंय याचा विचार करायचा नाही असं मी ठरवलं होतं. करायचेच.

पुढं काय कसं झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी दिसलं, आणि मधले तुकडे माझ्याकडे नाहीत. अन्साबाईचा गुडघा सुजला आणि तिला आठवडाभर घरी बसावं लागलं. त्या आठवड्यात शोभा दोनदा जीपमध्ये दिसली, एकदा बिनटोपलीची. मग दिवाळीच्या आधी मी रिसोडला बाजारात गेले तर अन्साबाई तिच्या जुन्या जागेवर प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेली, पुढ्यात फक्त लिंबं आणि मिरच्या. आणि शोभा तिथं नव्हती. ती पार दुसऱ्या ओळीत, फाटकाजवळ, नवी जागा धरून वांगी आणि मेथी घेऊन बसली होती. ओरडत नव्हती. गिऱ्हाईक आलं की हळू बोलायची.

दोन जागा कोणी ठरवल्या? शोभानं सासूला सांगितलं, की सासूनं सुनेला? ते वाक्य शोभानं तिला तोवर ऐकवलं होतं का? मेथी घेताना माझ्या ओठांवर प्रश्न आला होता. शोभानं जुडी माझ्या पिशवीत टाकली आणि म्हणाली, “घ्या बाई, ताजी हाय.” मी घेतली आणि आले.

या वर्षी पोळा झाल्यानंतरच्या आठवड्यात दोघी सासूसुना माझ्या खोलीवर आल्या. मला वाटलं, शोभाची वेळ आहे, कोणी मला कळवलं नाही. तर शोभानं सासूचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं. अन्साबाई मला म्हणाली, “विमल, मले बोलाचं हाय त्या बाईशी. लावून दे. अन् तू भाईर बस.”

कशाबद्दल, ते मी विचारलं नाही. टॅब लावला, आवाज तपासला, हेडफोन तिच्या कानांवर बसवला. पदर मध्ये येत होता तो सरकवला. मॅडम दिसल्यावर अन्साबाई त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

बाहेरच्या बाकावर शोभा बसली होती. मी तिच्या शेजारी बसले. आत अन्साबाईचा तो मोठा आवाज सुरू झाला, मग अचानक इतका बारीक झाला की ऐकूच येईना. पीठगिरणीवाला समोरून सायकल हातात धरून चालला होता. थांबला. दाराकडे बघून मला म्हणाला, “नर्सबाई, अन्साबाईले काय झालं?”

या गावात इतकी वर्षं कोणाला काय झालं हे मला माहीत असायचं. शोभा माझ्याकडे बघत होती.

“मले माहीत नाही,” मी म्हटलं.

ते खरंच होतं. तो थोडा वेळ थांबला, आणखी काही मिळेल म्हणून. मग सायकल ढकलत पुढं गेला. शोभानं पिशवीतून शेंगदाण्याचा पुडा काढला, उघडला आणि आमच्या दोघींच्या मध्ये बाकावर ठेवला.